शेवटल्या घराची दवंडी

आमच्या शाळेत हजेरी आता पुन्हा पहिल्या नंबरापासून होते. नवीन आलेले गणिताचे सर एक, दोन, तीन करत खाली उतरतात, मुलं ‘हजर, हजर’ करतात, आणि त्या वर्गावरून जाताना माझं पाऊल उगाच अडखळतं. त्यात वावगं काहीच नाही, सगळीकडे हजेरी अशीच होते. पण बिऱ्हाडे सर होते तोवर त्यांच्या वर्गात ती उलटी व्हायची. शेवटचा नंबर आधी, मग त्याच्या वरचा, असं करत पहिला नंबर सगळ्यांत शेवटी.

शेवटचे नंबर कोणाचे असतात, हे शाळेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. उशिरा नाव घातलेली, आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊन आलेली, मधूनच दुसऱ्या शाळेतून उचलून आणलेली पोरं. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, "बिऱ्हाडे, ही काय नवी तऱ्हा?" सर म्हणाले, "सर, शेवटच्या पोराचं नाव येईस्तोवर वर्गात गलका सुरू झालेला असतो. त्याचं ‘हजर’ कोणालाच ऐकू जात नाही. मला ते ऐकायचं असतं." मुख्याध्यापक "बरं बरं" करत निघून गेले. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर भरपूर हसलो आणि विषय सोडून दिला.

तऱ्हेवाईक होतेच ते. जळगावात जन्म काढून केळ्याला हात लावत नसत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "हॉस्टेलात असताना माझ्या वाटची सगळी खाऊन झाली." उन्हाळा असो, हिवाळा असो, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी घट्टे पडून दगडासारखी झालेली. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की स्टाफरूमच्या कपाटामागून गिटार काढायची, पाठीला अडकवायची आणि जुन्या स्कूटरवरून मेहरूणच्या दिशेने निघायचं. तिथे तलावाजवळ एका बंद पडलेल्या गॅरेजात त्यांची तालीम चालायची. ग्रुपला धड नावही नव्हतं. पोस्टरवर नुसतं ‘बिऱ्हाडे आणि मंडळी’. मी एकदा म्हटलं, "सर, हे गाण्याच्या ग्रुपचं नाव वाटत नाही, भाड्याने भांडी देणाऱ्यांचं वाटतं." ते इतके हसले, की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मुलाने गणित सोडवून वही पुढे केली, की सर वर न बघता म्हणायचे, "उत्तर बरोबर आहे. पायरी दाखव." उत्तर शेजाऱ्याचं बघूनही बरोबर येतं, पायरी मात्र स्वतःची लागते, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुढे हे वाक्य स्टाफरूममध्येही शिरलं. आमच्यापैकी कोणी "हल्लीच्या मुलांना काही येत नाही" म्हणून सुरुवात केली, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "पायरी दाखवा." त्या आवाजाचा मला राग यायचा. आता तो येत नाही, याचं वाईट वाटतं.

मी भूगोल शिकवते. आडनाव पाटील, माहेरचंही आणि सासरचंही. या आडनावाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बिऱ्हाडे सरांना खानदेशात लोक ओळखत ते गणितामुळे नव्हे, एका गाण्यामुळे. गाण्याचं नाव ‘दवंडी’. बोल अहिराणी, चाल अर्धी आपल्या मातीतली आणि अर्धी परदेशी म्हणावी अशी, सोबत इलेक्ट्रिक गिटार आणि सलीमचे ड्रम. कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलमध्ये ते असायचं, रिक्षात वाजायचं. माझ्या मुलाने ते पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हा हा आरडाओरडा करणारा माणूस आमच्या शाळेत लसावि-मसावि शिकवतो, हे मला खरंच वाटेना.

गाणं एका पुराचं होतं. भडगावच्या पुढे गिरणेच्या काठी एक गाव आहे. सरांनी गाण्यात गावाचं नाव घातलं नव्हतं, म्हणून मीही घालत नाही. नाव घातलं की बाकीची गावं सुटतात, असं ते म्हणायचे. तर त्या गावाला फार वर्षांपूर्वी, वस्तीने अजून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नव्हती त्या काळात, गिरणेचा मोठा पूर आला होता. गावात आभाळ कोरडं आणि वर कुठे तरी कोसळलेला पाऊस. दिवेलागणीला पाणी चढलं. उंचावरचं गाव वाचलं. नदीला लागून असलेला तेव्हाचा महारवाडा सगळा गेला.

आणि पूर येतोय म्हणून दवंडी देणारा माणूस त्याच वस्तीतला होता. सुपडू. गावची येसकरकी त्याच्या घरात होती, म्हणजे पाटलाचा निरोप डफडं वाजवत गावभर पोचवणं हे त्याचं काम. त्याने वरच्या गावाला गल्लीगल्लीतून सावध केलं आणि मग धावत खाली आपल्या वस्तीकडे आला, तोवर पाणी आधी पोचलं होतं. त्यात त्याची बायकोही गेली. म्हणतात, की अंधार पडल्यावरही तो पाण्याच्या कडेला उभा राहून डफडं वाजवत होता. ऐकायला समोर घरं उरली नव्हती. हा सुपडू म्हणजे सरांचा आजा.

गाण्याचं धृपद मला अजून पाठ आहे.

*पानी उनं, पानी उनं,*
*गिरनामायनं पानी उनं,*
*बठ्ठा गावले सांगी उना,*
*शेवटलं घर राही गयं.*

पाणी आलं, सगळ्या गावाला सांगून आला, शेवटचं घर राहून गेलं. यात डफड्याचा ठेका होता, पण डफडं नव्हतं. सर गिटारच्या तारा एका तळव्याने दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावर थापा मारायचे. त्यातून कोरडा, बसका असा आवाज निघायचा. मी विचारलं होतं, "खरं डफडं का नाही घेत? अजून चांगलं वाजेल." सर म्हणाले, "आबा घरात येऊ देणार नाहीत."

आबा म्हणजे त्यांचे वडील. बसडेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, कमी बोलणारे. पुराच्या वेळी ते लहान होते आणि मामाकडे भडगावला होते, म्हणून वाचले. पुढे दीक्षा घेतल्यावर त्यांच्या समाजाने गावकीची कामं टाकली, त्याबरोबर डफडंही टाकलं. कोणाच्या दारात कोणासाठी वाजवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. मेहरूणच्या त्यांच्या घरी मी एकदा गेले, तेव्हा समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, पुस्तकांचं कपाट आणि खुर्चीत बसलेले आबा. मुलाच्या गाण्याविषयी विचारलं तर म्हणाले, "गाऊ द्या. आवाज बरा आहे. पण जे सोडलं, ते सोडलं." मुलानेही त्यांचं ऐकलं, म्हणून गिटारवर तळवा आला. लोकांना वाटायचं, ही काय नवीन पद्धत काढली सरांनी.

आता त्या गाण्यातल्या दुसऱ्या कडव्याविषयी. सगळा कल्ला त्या कडव्यावर व्हायचा.

*पाटील बोलना, पह्यले वाडा,*
*मांगे तुना वस्तीले सांग.*

आधी वाडा, मग तुझी वस्ती. ही ओळ आली, की पोरं उभी राहायची, मुठी वर करायची, सरांच्या आधी स्वतःच म्हणायची. टीव्हीवर येणाऱ्या साहेबांपासून नळाचं पाणी सोडणाऱ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या मनात जो कोणी ‘पाटील’ असेल, तो त्या ओळीत बसायचा. पुढे सर गात गात विचारायचे, की आज टँकर आधी कुठे जातो, वीज आधी कुठे येते, रस्ता कुठे येऊन संपतो. गाणं जुन्या पुराचं राहायचं नाही, आत्ताचं व्हायचं. मी पहिल्या रांगेत बसलेली असले, तर सर त्या ओळीला माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मी हसायचे. पण खरं सांगायचं, तर पदर सावरून बसायचे.

एका वर्षी धुळ्याला एका कॉलेजात दुपारचा कार्यक्रम होता. माझी बहीण धुळ्याला असते, म्हणून मीही मंडळींच्या जीपमधून गेले होते. कार्यक्रम दणकून झाला. सगळं आवरताना एक मुलगी आपल्या आजीला हाताला धरून स्टेजच्या मागे घेऊन आली. आजी वाळलेल्या, कमरेत वाकलेल्या, पण डोळे लख्ख. कौतिकअक्का त्यांचं नाव. त्याच गावच्या, त्याच वस्तीतल्या. आता धुळ्याला मुलीकडे राहत होत्या. सरांनी खुर्ची आणली, त्यांच्या पायाशी स्वतः जमिनीवर बसले.

अक्का म्हणाल्या, "गानं चांगलं म्हनस तू भाऊ. पन तसं व्हयनं नही."

"काय नही व्हयनं अक्का?"

"पाटीलनी तसं सांगं नही. मी तठेच व्हतू. मनी माय त्यास्ना आंगनमा शेन भरी राह्यनी व्हती, मी तिना जोडे. पाटील बाहेर उना, बोलना, ‘सुपडू, गिरनाले पानी ई राह्यनं, बठ्ठास्ले सांग,’ आन् घरमा चालना गया. पह्यले कोठे जाय, मांगे कोठे जाय, काहीच बोलना नही."

"मंग?"

"मंग काय? तुना आजा दरवाजाबाहेर उना, डफडं वाजाडं, आन् मारोतीकडे निंघी गया. रोज जाये तसा."

"आपली वस्तीकडे नही?"

अक्का म्हणाल्या, "आपली वस्तीमा दवंडी कधय व्हती, भाऊ?"

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. पाटलाच्या दारातून खाली उतरलं की वस्ती, वर चढलं की मारुती. दवंडी कायम वर चढायची. मारुती, मग चावडी, मग एकेक गल्ली, आणि शेवटच्या विहिरीपाशी संपायची. वस्तीसाठी वेगळी दवंडी कोण देणार? येसकर घरी आला, की तिथे सगळ्यांना कळायचंच. त्या संध्याकाळीही सुपडू तसाच गेला. अक्कांची माय मात्र डफडं ऐकल्याबरोबर धाकट्या मुलाला आणायला खाली धावली, ती परत आली नाही. एवढं सांगून अक्का म्हणाल्या, "त्याना दोस नही. त्यानी बी बायको गयी." मग नातीचा हात धरून त्या निघाल्या.

परतताना पारोळ्याला चहासाठी जीप थांबली. सर कप हातात तसाच धरून म्हणाले, "मॅडम, उत्तर बरोबर होतं. पायरी चुकली होती."

मी म्हटलं, "मग ती ओळ काढून टाका, झालं. एकदाचं खरं कळलं, बरं झालं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आजवर त्यांनी माझ्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं. "तुम्हाला हलकं वाटलं ना?"

खरंच वाटलं होतं.

"वाटून घेऊ नका," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "हुकूम दिला असता ना पाटलाने, तर बरं होतं. हुकूम मोडता येतो. जो कोणी दिलाच नाही, तो मोडायचा कसा? माझ्या आजाची बायको खाली होती मॅडम, आणि तो वर गेला. त्याला कोणी ढकललं नाही. पाय गेले. आणि तुमचा पाटील घरात गेला, त्याच्याही मनात आलं नाही, की पाणी आधी कुठे शिरेल. दोघांनाही काही वाटलं नाही. हे जास्त वाईट आहे."

"तुमचा पाटील" हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. जळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. नंतर मला हजेरी आठवली. शाळेच्या जेवणात शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात करणारे, वह्या मागच्या बाकापासून वाटणारे, फोटो काढताना कोपऱ्यातल्या पोराला आधी मध्ये ओढणारे सर आठवले. हा माणूस आयुष्यभर आजाचे पाय उलटे फिरवत होता, आणि आम्ही त्याला तऱ्हेवाईक म्हणत होतो.

त्यानंतर बरेच दिवस गिटार कपाटामागेच राहिली. मग एका शनिवारी ती पुन्हा निघाली. दुसरं कडवं बदललं होतं.

*कोनी नही सांगं, कोनी नही रोकं,*
*सुपडूना पाय रोजनी वाटले गयात.*

गाण्यात आजाचं नाव पहिल्यांदा आलं. आणि गाणं पडलं. जळगावच्या कार्यक्रमात पोरं नेहमीसारखी मुठी वर करून उभी राहिली, आणि ओळ वेगळीच निघाल्यावर हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मागच्या रांगेतली काही उठून गेली. सलीम म्हणाला, "सर, लोग उसी लाइन पे तो आते थे." संयोजकांनी विचारलं, "हे तुम्ही कोणाच्या बाजूने गाताय?" सगळ्यांत जास्त चिडले ते त्यांचे जुने मित्र. इतकी वर्षं बरोबर असलेली, मोर्च्यात खांद्याला खांदा लावून चाललेली माणसं. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही आपल्याच माणसावर खापर फोडताय आणि समोरच्यांना मोकळं सोडताय. सर त्यांना म्हणाले, "कोणालाच मोकळं सोडत नाहीये. पायरी दाखवतोय." पण हे वाक्य वर्गात जितकं चालायचं, तितकं बाहेर चालत नाही. हळूहळू आमंत्रणं आटली.

अशात त्या गावाहूनच बोलावणं आलं. बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या तरुणांनी संध्याकाळी कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यांना आपल्या गावचं गाणं आपल्या गावात ऐकायचं होतं. सर सगळीकडे गायले होते, जिथे घडलं तिथेच कधी नाही. कारण सोपं होतं. त्या वस्तीत सुपडूचं नाव कोणी घेत नसे. पूर ओसरल्यावर उरलेल्या माणसांनी त्याला वाळीत टाकलं होतं. गावाला जागवलं आणि आपल्यांना बुडवलं, असं ते म्हणाले. तो गाव सोडून जळगावला आला, हमाली करत राहिला, आणि पुराविषयी अवाक्षरही न बोलता मेला. ‘पाटलाने सांगितलं’ हे घरात पहिल्यांदा कोणी कधी म्हटलं ते आबांनाही आठवत नव्हतं. पण ते म्हटल्यावर सगळ्यांना जगायला बरं पडलं असावं.

वस्तीत अजून दगडूनाना होते. पुरात त्यांची आई आणि दोन भावंडं गेली होती. सुपडूच्या घरातल्या कोणी माझ्या दाराशी यायचं नाही, आलं तर त्याला पाणी विचारायचं नाही, हे त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं आणि वस्तीने ते मान्य केलं होतं.

गावाला जायच्या आदल्या दिवशी मी मेहरूणला त्यांच्या घरी होते. आबा सरांना म्हणाले, "तठे जुनंच म्हन." पुढे ते माझ्यासमोर म्हणून की काय, साध्या मराठीत बोलायला लागले. "इतर ठिकाणी तुला हवं ते गा. पण तिथे जुनं कडवं गा. पाटलाने सांगितलं, म्हणून गा. एवढ्याने माझ्या बापाचं नाव त्या वस्तीत सुटेल. मी जाण्याआधी सुटेल."

आबांनी आयुष्यात सरांकडे दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही. डफडं घरात आणू नको हे मागणं नव्हतं, तो नियम होता. हे मागणं होतं. आणि ते पुरं करायला एक कडवं पुरेसं होतं, तेही लोकांच्या आवडीचं. नवीन कडवं तिथे गायचं, म्हणजे दगडूनाना म्हणत होते तेच खरं, असं त्यांच्या अंगणात जाऊन सांगायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने निघालो. वैशाखातली गिरणा, नुसती वाळू आणि मध्ये एक ओढ्याएवढी धार. पुलावरून सर तिच्याकडे बघत होते. गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पोरांनी वाकून स्वागत केलं, चहाचं विचारलं. सर म्हणाले, "आधी जरा फिरून येतो. सगळ्यांना बोलवायचं आहे."

"आम्ही फोनवर कळवलंय सर सगळ्यांना," एक पोरगा म्हणाला.

"तरी जातो."

पुरानंतर वस्ती जराशी वर सरकवली आहे, तरी नदीच्या बाजूचं शेवटचं घर उतारावर एकटंच आहे. ते दगडूनानांचं. सर गिटार पाठीला घेऊन सरळ तिकडे निघाले. मी मागे होते, जरा अलीकडेच थांबले. दारात एक म्हातारा बाजेवर बसलेला. सरांनी अंगणात पाय ठेवला नाही. बाहेरूनच हात जोडले आणि म्हणाले, "नाना, संध्याकाळले गानं शे. पह्यले तुम्हले सांगाले उनू."

नानांनी विचारलं, "तू कोनना?"

"सुपडू येसकरना नातू."

नानांनी तोंड फिरवलं. सर पुढच्या घराकडे वळले. असं एकेक दार करत ते वर चढले. वस्ती संपली, मग गाव. गल्ल्या, चावडी, मारुती. सगळ्यांत शेवटी पाटलांचा वाडा, म्हणजे आता तिथे झालेलं तीन मजली घर. तिथल्या तरुण सूनबाई "अहो सर, या ना, बसा" म्हणाल्या. सर म्हणाले, "बसत नाही. संध्याकाळी खाली या गाणं ऐकायला." इतकं साधं बोलणं होतं सगळीकडे. पण आजाच्या पायांनी जी वाट इतकी वर्षं तुडवली, ती त्याच्या नातवाने त्या दिवशी शेवटाकडून चालून पुरी केली, हे माझ्याखेरीज कोणाला कळलं असेल, असं वाटत नाही.

कार्यक्रम विहाराच्या पुढच्या मैदानात होता. माणसं दाटीवाटीने बसली होती. नुकते दिवे लागले होते. एका कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर दगडूनाना येऊन बसलेले दिसले, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. सरांनी बघितलं, आणि गिटारच्या तारांवर तळवा ठेवला.

धृपदाला लोक डोलले. मग सर थांबले. मला आबांचा चेहरा आठवला. कुठलं कडवं येतं, याकडे माझा जीव लागला होता, आणि मला स्वतःलाही नक्की कळत नव्हतं की मला कुठलं हवं आहे. सरांनी डोळे मिटले नाहीत, खाली बघितलं नाही. ते नानांकडे बघून गायले.

*कोनी नही सांगं, कोनी नही रोकं,*
*सुपडूना पाय रोजनी वाटले गयात.*

मैदानात टाळी नाही, मूठ नाही. ‘सुपडू’ हा शब्द तिथे इतक्या वर्षांनी मोठ्याने उच्चारला गेला होता, आणि ज्याने उच्चारला, त्याने तो आजाला वाचवण्यासाठी उच्चारला नव्हता. सलीमने ड्रम थांबवले. सरांनी उरलेलं गाणं नुसत्या तळव्याच्या थापांवर पुरं केलं, आणि खाली उतरले. लोक उठले, कोणी हळू आवाजात बोलत होतं. एक बाई डोळ्यांना पदर लावून उभी होती.

आम्ही वायर गुंडाळत होतो. तेवढ्यात उताराकडून हाक आली. म्हाताऱ्या, खरखरीत आवाजाची, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी.

"ओ सुपडूना नातू!"

सगळे वळले. दगडूनाना आपल्या घराच्या वाटेवर अर्ध्यात उभे होते.

"आज दवंडी पह्यले मना घर उनी," ते म्हणाले. "घर ये. पानी पी."

सरांनी वायर खाली ठेवली, गिटार पाठीला अडकवली. ते उतार उतरून गेले. आम्ही कोणी मागे गेलो नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर गेले. शाळेतच, मधल्या सुट्टीत छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. तो दिवस मला आठवायचा नसतो. मला आठवायचं असतं ते त्या संध्याकाळचं, जीप वळवताना दिव्याच्या झोतात दिसलेलं. उतारावरच्या शेवटच्या घराच्या अंगणात ते उभे होते, पाठीला गिटार, एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला. शेजारी दगडूनाना काठी टेकून. मी खिडकीतून हाक मारणार होते, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"आबा, नानानी नाव लिधं. तुमना बापनं नाव लिधं."

हाकेतच नानांनी ते नाव घेतलं होतं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. तांब्यातलं पाणी अर्धं उरलं होतं.